घर इथे, जागा तिथे

४ ऑक्टोबर

जॅनेलचा बर्मिंगहॅमहून फोन आला आणि तिचं बोलणं संपायच्या आत मी तो ठेवून दिला. शहात्तराव्या वर्षी हे शोभत नाही, पण तिने जे नाव घेतलं ते ऐकल्यावर दुसरं काही सुचेना.

एस्मी येतेय. माझी थोरली बहीण, एकोणिसाव्या वर्षी या बेटावरून बोटीत बसून इंग्लंडला नर्स व्हायला गेलेली. नाताळात येतेय, मुलीला घेऊन. इथपर्यंत मी हरखून ऐकत होते. चादरी कुठल्या काढायच्या, इतका विचार मनात करूनही झाला होता. तेवढ्यात ही पोर म्हणाली, "मावशी, मी एक व्हिला बघितलाय, अगदी समुद्राला लागून. आचारी, मोटार वगैरे तू तिथे ठरवशील ना? व्हिला सेलेस्त नाव आहे."

व्हिला सेलेस्त! शहाऐंशी साली पॉटर्स बेच्या त्या गुलाबी भिंतीसमोर मासळीच्या खोक्यावर उभं राहून मी भाषण केलं होतं. गावातले कोळी, शाळेतल्या बाया, ऊसतोडीचे मजूर, सगळे होते. समुद्र कुणाच्या बापाचा नाही, आणि ज्यांनी तो विकत घेतल्याचं सोंग आणलंय त्यांच्या भिंतीआड मी जिवंतपणी पाऊल ठेवणार नाही, असं मी म्हणाले होते. टाळ्या थांबत नव्हत्या. आजही बाजारात एखादी म्हातारी मला थांबवून त्या भाषणाची आठवण काढते.

आणि माझी सख्खी भाची त्याच भिंतीआडची खोली भाड्याने घेणार, आणि आचारी मी शोधायचा.

५ ऑक्टोबर

मीच फोन केला. स्पष्ट सांगितलं, "एस्मी माझ्याकडे राहील. आमचं घर उभं आहे. ती ज्या घरात जन्मली तेच घर, त्याच फळ्या, तेच अर्धं दार. हॉटेलात राहायला ती काय पाहुणी आहे?"

जॅनेल म्हणाली, "मावशी, आई रोज म्हणते, घरी जायचंय. मी विचारते, घर कसं आहे? तर ती समुद्र सांगते. बसलेल्या कोंबडीसारखा खडक सांगते. बदामाचं झाड सांगते. मी महिनाभर फोटो चाळत होते गं. तो खडक एकाच फोटोत सापडला. त्या व्हिलाच्या."

कोंबडीचा खडक. मी किती वर्षांत हे नाव ऐकलं नव्हतं.

मी म्हटलं, "तो खडक घर नाही. घर माझ्याकडे आहे."

"तसं असेल," ती म्हणाली. "पण ती बॅग भरून बसते, मावशी. रोज."

किती उतावीळ झालीये बिचारी! आनंद वाटला. इतकी वर्षं मला वाटायचं, इंग्लंडने तिला पुरती गिळली.

९ ऑक्टोबर

सकाळी डार्नली आला. आमच्या गल्लीतला जुना सुतार, आता नुसता गप्पिष्ट. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला घराला वळसा घालावा लागतो, कारण रस्ता मागे आणि दार पुढे. तो दर वेळी तेच म्हणतो.

"कॉम्रेड, साऱ्या बेटावर तुझंच एक घर, जे लोकांकडे पाठ करून बसतं."

"आईला सांग जाऊन," मी म्हटलं.

खरंच तिलाच सांगायला हवं. आमच्याकडे गरिबाचं घर जमिनीत रुतत नाही. ते सुट्या दगडांवर टेकलेलं असतं. घर आपलं आणि जागा मळेवाल्याची. त्याने ऊठ म्हटलं की फळ्या सोडायच्या, लॉरीवर घालायच्या आणि दुसऱ्या भाड्याच्या जागेवर पुन्हा जोडायच्या. मळेवाल्याने पॉटर्स बेची जागा परदेशी माणसाला विकली तेव्हा आमचं घर असंच उठलं. एस्मी तेव्हा तिकडे होती. सकाळी किनाऱ्यावर असलेलं घर संध्याकाळी इथे टेकडीवर, उसाच्या फडात. आई लॉरीत ड्रायव्हरच्या शेजारी काचेचा दिवा मांडीवर घेऊन बसली होती. बाकी सामानाचं काय व्हायचं ते होवो, दिवा तिने कुणाच्या हाती दिला नाही.

आणि इथे पोचल्यावर सुतारांनी रीतीप्रमाणे दार रस्त्याकडे धरलं, तर ती म्हणाली, "फिरवा. दार समुद्राकडे." इथून समुद्र दिसत नाही. ऊस दिसतो. लोक हसले. तिने फिरवायला लावलंच.

डार्नलीला मी अर्ध्या दाराची बिजागरं बदलायला सांगितली. वरचा भाग उघडा टाकून खालच्या फळीवर कोपर टेकून उभं राहायचं, ही एस्मीची जागा. तिथे उभी राहून ती कोळ्यांच्या पोरांना टोमणे मारायची. मी बुटकी, मला खालच्या फळीच्या फटीतून बघावं लागे.

२१ ऑक्टोबर

आज एस्मीशी बोलले. जॅनेलने तिच्या हाती फोन दिला. आवाज तसाच, जाडसर, हुकूम सोडणारा.

"लिंडी, चादरी वाळल्या का?"

मी पोट धरून हसले. आई धोब्याचं काम करायची. नीळ घातलेल्या चादरी आम्ही सी-ग्रेपच्या झुडपांवर पसरायचो. पावसाचा एक थेंब पडला की एस्मी घरातून ओरडायची आणि धावायचं मी. साठ वर्षांनी पहिला प्रश्न हाच! हिचा मिश्कीलपणा काही कमी झाला नाही.

"वाळल्या," मी म्हटलं, "घड्यासुद्धा घातल्या."

"आईला सांग. आणि त्या बदामाखाली खेळू नकोस, अळ्या पडतात."

जॅनेलने फोन घेतला. म्हणाली, "मावशी, मला ती हल्ली लिंडी म्हणते."

किती बरं वाटलं! तिकडे बसून ती माझंच नाव घेते.

३ नोव्हेंबर

व्हिलाची व्यवस्था बघणारी बाई मला पत्रं पाठवते, कारण जॅनेलने माझा पत्ता दिलाय. मी उत्तर देते, तेही आचाऱ्यापुरतं. तत्त्व वेगळं आणि बहिणीचं पोट वेगळं. कूकू घोटता न येणाऱ्या माणसाच्या हातचं तिने का खावं? मी अट घातली आहे: कूकूचं मक्याचं पीठ गुठळी न होता घोटता आलं पाहिजे, भेंडीचा बुळबुळीतपणा राहिला पाहिजे, आणि उडता मासा लिंबात मुरवलेला हवा. नीरफणस विस्तवात भाजायचा, भट्टीत नाही.

आज जॅनेलचं नवीन मागणं: पोहण्याच्या हौदाभोवती कुंपण हवं, खोलीची कडी बाहेरून लागायला हवी, स्वयंपाकघराला कुलूप हवं. मला संताप आला. श्रीमंतांच्या सवयी इतक्या लवकर अंगात भिनतात! ज्या बेटावर आम्ही दारं सताड उघडी टाकून वाढलो, तिथे सुट्टीला यायचं आणि पहिली मागणी कुलपाची. कुणाची भीती वाटते यांना? माझी? कोळ्यांची? मी जॅनेलला हे सगळं ऐकवलं, सभेत ऐकवावं तसं, गुलामांच्या बराकींपासून आजच्या भिंतींपर्यंत.

ती शेवटी एवढंच म्हणाली, "हो मावशी. पण कडीचं तेवढं बघ ना."

१६ नोव्हेंबर

घराचा फोटो पाठवला होता. नवा रंग दिलाय, पिवळा आणि हिरवा, आई द्यायची तसा. अर्धं दार उघडं. पायरीवर मी.

फोनवर एस्मी म्हणाली, "छान घर आहे. कुणाचं?"

मी म्हटलं, "कुणाचं म्हणजे? आपलं."

"नाही गं," ती म्हणाली, अगदी सौम्यपणे, दुकानात चुकीचा माल परत करावा तसं. "आपलं समुद्रावर आहे."

मी फोन ठेवला नाही, पण त्यानंतर काय बोलले ते आठवत नाही.

आता लिहिते ते रागाने लिहितेय, ठाऊक आहे मला. पण हा अहंकार नाही तर काय? घर हललं तेव्हा ती नव्हती. छपराचा पत्रा वाऱ्यात उडाला तेव्हा नव्हती, आई याच खोलीत गेली तेव्हा प्रेतयात्रेपुरती आली आणि परत गेली. त्या फळ्यांना वाळवी लागली तेव्हा मी एकेक फळी बदलली. आणि ती म्हणते, कुणाचं घर! मला सांगा, घर म्हणजे काय? हवा? खडक? एक चतकोर वाळू, जी आमची कधी नव्हतीच? आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट शिकून घेतली: जागा कधी आपली नसते, म्हणून घर असं बांधा की उचलून नेता येईल. या बेटावरच्या गरिबाने काढलेली ही सगळ्यात शहाणी युक्ती आहे. आईने ती अमलात आणली. आणि मुलगी तिथेच अडकून बसली, रिकाम्या जागेवर.

१७ नोव्हेंबर

डार्नलीने बिजागरं बसवली. मी कालची हकीकत सांगितली. तो बराच वेळ रंधा पुसत राहिला.

"माझी म्हातारी शेवटी शेवटी अशीच बॅग भरायची," तो म्हणाला.

"एस्मी म्हातारी नाही. ती माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठी आहे."

"हो ना, कॉम्रेड. मी कुठे काय म्हटलं."

"मग नको तिथे तुझ्या आईला आणू नकोस."

जाताना म्हणाला, "दार छान झालंय. आता तेवढं रस्त्याकडे फिरवलंस तर तिला लवकर सापडेल."

या माणसाला प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचते.

१२ डिसेंबर

काळा केक करून ठेवला. फळं रममध्ये ऑक्टोबरपासून भिजत होती. अंबाडीची लाल बोंडं उकळली, लवंग घातली, सरबत गाळलं. घरभर तो वास आहे. याच वासात आम्ही दोघी रात्री चटईवर पडून विचारायचो, आई, उद्या नाताळ का? आई म्हणायची, अजून नाही. दहादा विचारायचो. समुद्राचा आवाज इतका जवळ असायचा की वाटायचं लाट येऊन फळीवर थापच मारील.

इथे येऊन मला किती वर्षं झोप लागली नव्हती. शांतता फार होती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

ठरलं असं: विमानतळावरून आधी माझ्याकडे जेवायला. घर बघितलं की ती इथून हलणार नाही, याची मला खात्री आहे. व्हिलात जॅनेलने खुशाल एकटीने पोहावं.

२१ डिसेंबर

आली. बारीक झालीये. केस पांढरेशुभ्र, मागे घट्ट बांधलेले, अंगात इंग्लंडचा जाड कोट, या उन्हात. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "आई."

सगळेच म्हणतात, मी आता हुबेहूब आईसारखी दिसते.

घराला वळसा घालून तिला पुढच्या दाराशी आणलं. अर्ध्या दाराला तिने हात लावला, सरळ आत आली आणि आईच्या खुर्चीत बसली. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. मी जेवण वाढलं. व्यवस्थित जेवली. कूकूला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला चुकल्यासारखं वाटायला हवं होतं. आईच्या कूकूलाही ती नावं ठेवायची.

जेवण झाल्यावर उठली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार छान झालं सगळं. तुम्ही फार त्रास घेतलात. आता मला घरी गेलं पाहिजे, आई वाट बघत असेल."

तुम्ही, म्हणाली.

जॅनेल खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी म्हटलं, "जा. घेऊन जा तिला." मला वाटतं मी ते ओरडून म्हणाले.

२३ डिसेंबर

जॅनेलचे फोन. उचलले नाहीत. केक तसाच आहे.

डार्नली मागच्या रस्त्यावरून हाक मारून गेला, "कॉम्रेड, शपथ मोड असं कुणी म्हणत नाहीये. पण किनारा तरी तुझाच ना? त्याच्यासाठी तर घसा फोडलास."

आत न येता बोलून गेला. वळसा घालायचाही कंटाळा.

२४ डिसेंबर

रात्रीच्या प्रार्थनेला गेले नाही. शहाऐंशी सालच्या त्या लढ्यात आम्ही व्हिलाच्या शेजारून जाणारी एक बोळ सोडवून घेतली होती, लोकांना समुद्रावर जायला. दोन माणसं शेजारी चालू शकत नाहीत इतकी अरुंद. तेव्हा केवढा विजय वाटला होता. आज दिवसभर ती बोळ डोळ्यांसमोर आहे.

भरतीच्या खुणेखालची वाळू सगळ्यांची. तिथे बसले तर शपथ शाबूत राहते.

२५ डिसेंबर

चर्चचे कपडे, टोपी, हातात केकचा डबा. बोळीच्या तोंडाशी व्हिलाचा पहारेकरी उभा होता. माझाच विद्यार्थी निघाला, कॉर्बिन, गणितात कच्चा.

"मिस ग्रीनिज! मेरी ख्रिसमस! पुढच्या फाटकाने या ना, मी उघडतो."

"मी फाटकाने जात नाही, कॉर्बिन."

"माहीत आहे, मिस. सगळ्यांनाच माहीत आहे." आणि त्याने टोपी काढून बोळीची वाट मोकळी केली.

वाळूवर पोचले. कोंबडीचा खडक तसाच, पिसं फुगवून बसलेला. मला वाटलं होतं तो लहान वाटेल. बदाम मात्र आता भिंतीच्या आत आहे. फांद्या बाहेर, बुंधा आत. सी-ग्रेपची झुडपं गेली, तिथे संगमरवरी पायऱ्या आहेत आणि वर गच्ची. पायऱ्यांच्या तोंडाशी छोटं लोखंडी दार, त्याच्यावर 'खाजगी' अशी पाटी. मी खडकाच्या सावलीत, बरोबर खुणेखाली, टॉवेल पसरून बसले.

वर आवाज चालला होता. आधी जॅनेलचा.

"आई, हेच घर आहे. बघ, समुद्र. बघ, तो खडक."

"खडक दिसतोय मला, आंधळी नाहीये मी. घर कुठे आहे?"

"हेच गं."

"हे हॉटेल आहे. घर कुठे गेलं?" चप्पल फरशीवर घासत इकडून तिकडे जात होती, परत येत होती. "इथे होतं. बदामाच्या अलीकडे. दार इकडे होतं. कोणी नेलं? लिंडी कुठे आहे? तिला घरात सोडून आले होते मी."

जॅनेल रडत होती. मग एकदम आई दिसली, लॉरीत ड्रायव्हरच्या शेजारी, पाठ ताठ.

मी उठले आणि ओरडले. सभेत माइक बंद पडला की ओरडायची तशी. "एस्मी! घर हलवलं!"

वर सगळं थांबलं. ती कठड्याशी आली. पांढरे केस सुटले होते. खाली वाकून तिने माझ्याकडे बघितलं, अगदी डोळे बारीक करून, जशी अर्ध्या दारावरून बघायची.

"कोणी हलवलं?"

"आईने. मळेवाल्याने जागा विकली. लॉरीवर घातलं आणि टेकडीवर नेलं."

"सगळ्या फळ्या नेल्या?"

"सगळ्या."

"आणि दिवा?"

"मांडीवर घेऊन बसली होती. लॉरीत, पुढे."

"फुटला नाही ना?"

"नाही. काचेला तडासुद्धा गेला नाही."

तिने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. ती साठ वर्षं तिकडे, आणि दर नाताळला मला एकच वाटायचं, की हिला आमच्या हलण्याची पर्वा नाही. कुणी हिला नीट सांगितलंच नव्हतं का? पत्रात मी काय लिहिलं होतं तेव्हा? भाड्याबद्दल, मळेवाल्याबद्दल, अन्यायाबद्दल. दिव्याबद्दल बहुतेक लिहिलं नव्हतं.

"मग ठीक आहे," एस्मी म्हणाली. तिने मागे वळून गच्चीकडे, खांबांकडे, निळ्या हौदाकडे, त्या एवढ्या मोठ्या घराकडे पाहिलं, आणि तिच्या नजरेत त्यातलं काहीच आलं नाही. ज्या भिंतीची एक वीटही मला चाळीस वर्षांत हलवता आली नाही, ती तिच्या लेखी तिथे नव्हतीच. होती ती झाडलेली मोकळी जमीन, आणि दगडांच्या चार खुणा.

"घर गेलं तर गेलं. जागा तर आहे ना?" ती म्हणाली. "तिथे उन्हात काय उभी आहेस, येडे? ये, बस."

जॅनेलने खाली धावत येऊन ते दार उघडलं. मी पाटीकडे बघितलं. मग बूट काढले, कारण त्यांना वाळू लागली होती आणि एस्मी ओरडली असती, आणि वर गेले. संगमरवर तापलेला होता.

एस्मी फरशीवरच बसली होती, पाय लांब करून, समुद्राकडे तोंड. तिने सरकून शेजारची फरशी हाताने झाडली.

"केक?" ती म्हणाली.

"केक."

"आई, उद्या नाताळ का?"

"अजून नाही," मी म्हटलं, आणि बसले.